लख्ख पातेलं

आंबील उतू जाऊ नये म्हणून पातेल्याच्या काठाला आतून बोटभर तूप फिरवावं. फेस वर येतो, तुपाच्या कड्यापाशी थबकतो आणि माघारी फिरतो. पीठ कोरडं कधी टाकू नये. आधी गार पाण्यात कालवून घ्यावं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. पातेलं पाण्यानं विसळून तसंच ओलं गॅसवर ठेवावं. आणि आंबील ओतून घेतली की भांडं गार व्हायची वाट न बघता त्यात पाणी भरून वर झाकण घालावं. एकदा वाळू दिलं की नाचणीचा पापुद्रा नखानंसुद्धा निघत नाही.

हे सगळं मला येतं. हायस्कुलात कारकुनी करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आंबील करता येते आणि मागचं भांडं लख्ख ठेवता येतं, याचं आमच्या गल्लीत कौतुक आहे. कुठं शिकलात म्हणून कुणी विचारलं तर मी हसतो आणि पावसाचं बोलायला लागतो.

पाऊस आहेच बोलायला. आषाढाची झड परत लागली आहे. जांबोटीच्या बाजूनं आभाळ सकाळीच उतरतं ते आमच्या वडगावच्या पत्र्यांवर बसून राहतं. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, नुसते आंबतात. मिठाला पाणी सुटलं आहे, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी चढली आहे, आणि भिंतीला हात लावला तर भिंतच आजारी असल्यासारखी गार आणि ओलसर लागते. पूर्वी या दिवसांत गल्लीतून चालताना घराघरातून विणकरांच्या मागांचा खडखडाट यायचा, त्यात पावसाचा आवाज बुडून जायचा. आता बरेच माग गेले. आमचेही गेले. मागाच्या खोलीत आता आईची खाट आहे, आणि जमिनीत जिथं मागाचे पाय रोवलेले होते तिथं सिमेंटचे वेगळ्या रंगाचे चौकोन तेवढे राहिले आहेत. झड लागली की आधी ते चौकोन ओले होतात. मग सगळी खोली.

काही वर्षांपूर्वी, माझे वडील अंथरुणाला खिळले त्या पावसाळ्यातही अशीच झड होती. आणि आता तशीच आणखी एक गोष्ट घरात परतली आहे. सकाळी चहाच्या वेळी मागाच्या खोलीतून खोकला येतो. फार मोठा नाही. दोनदा, तीनदा, घसा साफ केल्यासारखा. मी स्वयंपाकघरात असतो आणि माझा हात जिथं असेल तिथं थांबतो.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या ज्येष्ठात झटका आला. उजवी बाजू गेली. ज्या हातानं त्यांनी आधी हातमागावर धोटा फेकला आणि नंतर दोन पॉवरलूमवर तुटलेले धागे जोडले, तो हात उशीशेजारी कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडून असायचा. बोलणं गेलं. गिळणं अर्धंच राहिलं. दवाखान्यातून घरी आणायच्या दिवशी तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ते धारवाडकडचे कानडी, मराठी जेमतेम, पण सांगायची पद्धत इतकी स्वच्छ की आजही शब्द न शब्द कानात आहे.

"पाणी ब्याड, नको. चहा ब्याड. पातळ काही ब्याड," ते म्हणाले. "गट्टी, घट्ट द्यायचं. हे बघा." त्यांनी टेबलावरच्या औषधाच्या चमच्यात कसलंतरी दाट सिरप घेतलं आणि चमचा माझ्यासमोर तिरका केला. सिरप काठाशी आलं, तिथंच लोंबत राहिलं. "असं. लगेच पडायला नको. पातळ दिलं तर पोटात जात नाही, छातीत जातंय. कळलं का?"

"कळलं सर," मी म्हणालो. मला कळलं होतंच. न कळायला त्यात काही नव्हतं.

सुनंदाची, माझ्या बायकोची, शाळा येळ्ळूरला. तिला सकाळची बस गाठावी लागते. आईचे गुडघे तेव्हाच गेलेले. ती मोरीवरच्या पाटावर बसून भांडी घासायची, पण ओट्यापाशी उभं राहणं तिला जमत नव्हतं. तेव्हा आंबील माझ्याकडे आली. सकाळची मी करून भरवायची आणि मग हायस्कुलात जायचं, संध्याकाळची येऊन करायची. मी स्वतःच मागून घेतलं होतं हे काम. मुलगा म्हणून काहीतरी हातानं करावं असं फार मनापासून वाटलं होतं. ते वाटणं खोटं नव्हतं, हे मी आज लिहिताना स्वतःला पुन्हा विचारून घेतलं आहे.

पण घट्ट आंबील ही काय चीज आहे ते मला माहीत नव्हतं. पातळ असते तोवर ती गुमान असते. दाट व्हायला लागली की तिच्यात बुडबुडे येतात, एकेक मोठा, संथ, आणि फुटताना गरम चिखलासारखा उडतो. फरशांवर, ओट्यावर, लायटरवर, माझ्या मनगटावर. क्षणभर ढवळायचं थांबलं की बुडाला धरते. करपलेल्या नाचणीचा वास पावसाळी हवेत कुठं जात नाही, दिवसभर पडद्यांत बसून राहतो. उतू गेली की शेगडीच्या भोकांत शिरून तिथंच दगड होते. पातेलं घासायला घेतलं की तळाशी काळा चकता, वर करडा थर, काठाला वाळलेली पोपडी. काथ्या चालत नाही, तारेची घासणी झिजते. त्यात आमची मोरी पावसाळ्यात तुंबते. आईला एवढं खरडणं होत नव्हतं, म्हणून मीच बसायचो. गुडघ्यापर्यंत पायजमा वर करून, त्या करड्या पाण्यात पाय टाकून, घड्याळाकडं बघत.

आणि भरवणं. एक चमचा द्यायचा आणि वाट बघायची. आप्पांच्या गळ्याचा उंचवटा वर जायचा, मधेच अडायचा, अडकलेल्या धोट्यासारखा, मग कधीतरी खाली यायचा. मग दुसरा चमचा. वाटीभर आंबील संपेपर्यंत माझी हायस्कुलाची वेळ टळून गेलेली असायची. मुख्याध्यापक नुसते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि मग माझ्या बाहीवरच्या नाचणीच्या डागाकडे.

मी तूप फिरवायला शिकलो. ओलं पातेलं ठेवायला शिकलो. लाकडी डाव पातेल्यावर आडवा ठेवला तर उतू जाणं लांबतं, हेही शिकलो. उपयोग होत होता, पण पुरेसा नाही.

मग एका सकाळी मी तांब्याभर पाणी जास्त घातलं.

विचार करून घातलं असं म्हणता येणार नाही आणि न विचार करता घातलं असंही नाही. झड सुरूच होती, बस चुकली म्हणून सुनंदा चिडून गेली होती, मोरीत आदल्या संध्याकाळचं पातेलं भिजत होतं. हात तांब्याकडे गेला. आंबील पटकन उकळली, उडाली नाही, धरली नाही. आप्पांना भरवलीच नाही, पाजली; वाटीनंच घोट घोट. पाच मिनिटांत वाटी रिकामी. मागं पातेल्यावरून नुसता हात फिरवला आणि ते आरशासारखं निघालं. मला आठवतं, ते पालथं घालताना मी शीळ घालत होतो.

इथं जरा मागं जायला हवं, कारण पुढं जे घडलं ते विणकराच्या घरातच घडू शकतं.

माझ्या लहानपणी आमच्याकडे हातमाग होता. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या, सुताला बळ यावं म्हणून त्याला पिठाची खळ पाजायची असते. उन्हाळ्यात आख्ख्या गल्लीभर ताणे पसरलेले असायचे, दोन टोकांना खुंट्या, मधे रंगीत सूत, आणि पुरुषमाणसं मोठे कुंचे घेऊन त्यावर खळ फिरवत पुढं मागं चालत असायची. खळ घरीच शिजायची. आमच्या चुलीवर दोन भांडी असायची, एक खळीचं आणि एक पेजेचं, आणि आई दोन्हींचे डाव वेगळे ठेवायची. शिजत आली की आप्पा यायचे, दोन बोटं खळीत बुडवायचे आणि अंगठ्यावर चोळून बघायचे. डोळे मिटून. बोटांतून तार सुटली की मान हलवायचे.

पावसाळ्यात मात्र त्यांचा नियम पक्का. "पावसात खळ पातळ," ते म्हणायचे. "घट्ट घातली की वाळत न्हाय. ओलं सूत एकमेकाला धरतंय, बुरशी येती आन् मागावर चढवलं की पटापटा तुटतंय. खळ सुताला मारती." हे वाक्य आमच्या घरात इतकं मुरलेलं होतं की आषाढ लागला आणि आमटी पातळ झाली तरी आई म्हणायची, "पावसात खळ पातळ," आणि वाढायची.

तर त्या आठवड्यात एका संध्याकाळी आईनं आप्पांच्या वाटीत डोकावून बघितलं.

"इलास, लई पातळ झालीया रं."

मी वाटी ढवळत म्हणालो, "आई, झड लागलीया. पावसात खळ पातळच पायजे. आप्पांचाच नियम न्हवं?"

आई हसली. पदर तोंडाला लावून हसली. सुनंदा दारात छत्री मिटत होती, तीही म्हणाली, "बरं झालं आठवलं. न्हाय तर आप्पांना बुरशी यायची." आणि आप्पा हसले. अर्ध्या तोंडानं, डावा गाल वर ओढून. झटक्यानंतर ते पहिल्यांदाच हसले होते. घरात केवढं बरं वाटलं आम्हाला. त्या हसण्यातच त्यांना ठसका लागला, आणि तो लवकर थांबला नाही. आई पाठ चोळत राहिली, "हसायचं वय हाय व्हय हे," म्हणत. तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, मग उतरलं. हसण्याचा ठसका, असं आम्ही सगळ्यांनी मानून घेतलं.

त्यानंतर ते वाक्य माझं झालं. दुसऱ्या दिवशी पाणी घालताना मनात ते होतंच. नियम होता, तोही आप्पांचाच. आणि पातेलं लख्ख होतं.

खोकला येत राहिला. आंबील दिल्यावर थोडा, रात्री थोडा जास्त. पावसाळ्यात कुणाला येत नाही? गल्लीत सगळेच खोकत होते. डॉक्टरांचा तिरका चमचा मला आठवत नव्हता असं नाही. आठवायचा, आणि मी म्हणायचो, उद्यापासून घट्ट करू. उद्या मोरी तुंबलेली असायची.

एक सकाळ मात्र विसरता येत नाही. मी वाटी त्यांच्या छातीशी धरली होती. आप्पांनी डावा हात उचलला, हळूहळू, आणि दोन बोटं आंबिलीत बुडवली. मला वाटलं, चुकून. त्यांनी ती बोटं अंगठ्यावर चोळली. डोळे मिटून. तार सुटली नाही. पाणी मनगटावर ओघळलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. कामाला नवीन लागलेल्या माणसाकडे ते बघायचे तसं बघत होते. हा शिकेल का, असं.

मी टॉवेलनं त्यांची बोटं पुसली. "सांडंल की आप्पा," म्हणालो, आणि वाटी त्यांच्या ओठाला लावली.

श्रावणात ताप चढला. छातीत घरघर सुरू झाली; मागाच्या खोलीत, जिथं ओल्या चौकोनांवर त्यांची खाट होती, तो आवाज भिंतींतून येतोय असं वाटायचं. दवाखान्यात नेलं. तेच डॉक्टर होते. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिले, आणि म्हणाले, "वय झालंय. पावसाळा आहे." त्यांनी मला काही विचारलं नाही. मी त्या प्रश्नाची वाट बघत तिथं उभा होतो. विचारला असता तर खरं सांगितलं असतं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. गणपतीच्या आधीच आप्पा गेले. गल्लीतले लोक येऊन बसले, भिजलेल्या छत्र्या बाहेर उभ्या करून ठेवल्या, आणि जो तो म्हणाला, "सुटले." त्या दिवशी संध्याकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर पालथं घातलेलं पातेलं ओट्यावर चमकत होतं. तेवढं स्वच्छ भांडं मी आयुष्यात बघितलं नाही.

आक्का निपाणीहून आली होती. माझी थोरली बहीण. तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत तिचं घर आहे आणि तिच्या लुगड्यांना तो उग्र, तिखट वास कायमचा लागलेला आहे. सुतकाच्या दिवसांत आई काही खाईना, तेव्हा आक्का म्हणाली, "थांब, आंबील करते." मी म्हणालो, मी करतो, मला येती. ती म्हणाली, "तू बस."

तिनं एका छोट्या डब्यात पीठ कालवलं, थोडं ताक घातलं, मीठ टाकलं. कुकरमध्ये तळाला पाणी घातलं, त्यात डबा ठेवला, वर ताटली झाकली, झाकण लावलं. आणि बाहेर येऊन पान लावत बसली.

"ढवळायला नगं?" मी विचारलं.

"कशाला ढवळायचं? वाफंवर शिजती आपली आपण. मी तरी काय करणार तिथं उभी राहून, भजन म्हणू?"

"धरत न्हाय?"

"डबा पाण्यात बसलाय, धरंल कशी?" तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमच्या गल्लीत कुकर आला न्हाय व्हय रं अजून?"

बसलेल्या बायका सुतकातही हसल्या. शिट्ट्या झाल्या. आक्कानं डबा बाहेर काढला, आंबील एकदा फेटली आणि त्यात चमचा उभा केला. चमचा उभाच राहिला. आईनं खाल्ली, थोडी थोडी. मग आक्कानं डबा नळाखाली धरून बोट फिरवलं, आणि तो स्वच्छ झाला. काही धरलं नव्हतं, काही उडालं नव्हतं. कुकरात नुसतं पाणी होतं, ते तिनं तुळशीला ओतलं.

मी परसात जाऊन उभा राहिलो. पाऊस लागत होता, पण लागतोय हे उशिरा कळलं. घट्टही होते आणि भांडंही राहतं, हे कुठल्याही बाईला विचारलं असतं तर कळलं असतं. शेजारी, पलीकडे, फोनवर, कुठंही. मी विचारलंच नाही. तूप फिरवायचं, डाव आडवा ठेवायचा, यात मी इतका हुशार होत गेलो होतो.

पातळ आंबिलीमुळेच आप्पा गेले असं मी म्हणत नाही. मला तेवढी अक्कल नाही. घट्ट दिली असती तरी तो पावसाळा त्यांना निघाला असता की नाही, कोण सांगणार? सुनंदाला मी एकदा हे सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिनं पेन खाली ठेवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असं काही नसतं हो. तुम्ही किती केलंत त्यांचं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मी पण हसले होते ना त्या दिवशी." त्यानंतर आम्ही दोघं त्यावर बोललो नाही. पण तेव्हापासून आमच्याकडे पावसात आमटी पातळ झाली तर ते वाक्य कुणी म्हणत नाही. आईसुद्धा नाही. ती का म्हणत नाही, हे मी तेव्हा मनाला विचारलं नव्हतं.

आणि आता हा खोकला.

आई या वर्षी एकदम उतरली. दात गेले, अन्न गालात साठवून ठेवायला लागली, चहाचा घोट घेतला की ठसका. डॉक्टर आता दुसरे आहेत. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त चांगल्या मराठीत. पातळ टाळा, दाट द्या, बसवून द्या, घाई करू नका. मी मान हलवत होतो. सुनंदा माझ्याकडे बघत नव्हती.

मी घरी येऊन कुकर काढला. आक्काच्या पद्धतीनं आंबील केली. जांबोटीकडच्या नाचणीचं पीठ, थोडं ताक, मीठ, डब्यात. झकास झाली. चमचा उभा राहिला. आईला उशा लावून बसवलं, पहिला चमचा दिला. तिनं तो तोंडात घोळवला, कसाबसा गिळला, आणि दुसऱ्याला तोंड फिरवलं.

"चिखल हाय नुसता. उतरत न्हाय."

"हळूहळू घे. घाई न्हाय."

"त्यास्नी देत हुतास तसली कर."

मी म्हणालो, "कसली?"

"पातळ. ती बरी जायाची."

बाहेर झड लागलेली होती. मी चमचा वाटीत ठेवला. "ती छातीत जाती, आई. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग जाऊ दे की."

तिनं ते कसं म्हटलं ते लिहून दाखवता येत नाही. साखर संपली आहे, येताना आण, असं म्हणावं तसं. तीच पुढं म्हणाली, "मला दिसत न्हवतं व्हय तवा? बाकीची भांडी घासत मोरीवर मीच बसायचे की. भांडं बघितलं की बाईमाणसाला कळतं आत काय शिजलंय. दोन दिवसांत वळखलं मी. एकदा बोलले, तू हसवलंस. मग न्हाय बोलले."

"का न्हाय बोललीस?"

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. "हाल बघवत न्हवते रं. मला वाटलं, तू जाणून करतोयस, त्यांनी सुटावं म्हणून. मनात म्हटलं, पोरगं धीराचं हाय."

मी तिला सांगायला हवं होतं. आई, मी जाणून केलं नाही. मी भांड्यासाठी केलं. मला पातेलं घासायचा कंटाळा होता. हे वाक्य तोंडाशी आलं आणि तिथंच लोंबत राहिलं. इतकी वर्षं तिनं मला माझ्यापेक्षा मोठा समजून, माझ्या वाटणीचं अर्धं ओझं गुमान वाहिलं होतं. ते ज्यासाठी वाहिलं ती गोष्ट मुळी नव्हतीच, हे सांगून मी तिच्याजवळ काय ठेवणार होतो? मी नुसती वाटी उचलली.

"आता माझ्या वक्ताला हात आखडू नगंस," आई म्हणाली, आणि हसली सुद्धा. "मी काय तुझी सावत्र हाय?"

त्या दिवसापासून रोज हेच चाललं आहे. मी कुकर लावतो. डब्यातली आंबील घट्ट होते, भांडं स्वच्छ निघतं. ती चार चमचे घेते, कधी तीन, माझ्या तोंडाकडे बघून. बाकीची तशीच राहते. हाडं दिसायला लागली आहेत. चार चमच्यांवर माणूस किती दिवस काढतो, हे मला माहीत नाही; आणि पातळ केली तर ती वाटीभर घेईल, हे मला माहीत आहे. त्या पावसाळ्यात माझ्याजवळ निदान सबब होती. करपलेलं पातेलं होतं, तुंबलेली मोरी होती, हायस्कुलाचं घड्याळ होतं, आप्पांचा नियम होता. आता यातलं काही नाही. आता तांब्याकडे हात गेला तर त्यानं काय होणार हे मला नीट ठाऊक असेल. धीर म्हणून की कंटाळा म्हणून, तेवढं मात्र तेव्हाही कळणार नाही, आणि भीती त्याचीच वाटते.

काल आक्काचा निपाणीहून फोन होता. म्हणाली, "आई खाती का?" मी म्हणालो, "खाती." म्हणाली, "घट्ट देतोस न्हवं?" मी म्हणालो, "चमचा उभा राहतोय." ती म्हणाली, "शाणा माझा." मागं तिच्याकडेही पाऊस ऐकू येत होता.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. मी संध्याकाळी हायस्कुलातून येतो तेव्हा शेगडीशेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असतो. सुनंदा माझ्यानंतर येते, तेव्हा तो तिनं ठेवलेला नाही. आई दुपारी उठते, भिंतीला धरून मागाच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत येते, तांब्या भरते, ओट्यावर ठेवते आणि परत जाऊन झोपते. तिच्या ओल्या तळहातांचे ठसे भिंतीवर असतात; या हवेत तेही लवकर वाळत नाहीत. कुकर लावायच्या आधी तांब्या उचलतो आणि मोरीत ओततो. पाणी पडल्याचा आवाज तिला खाटेवर ऐकू जातो. ती मग थोडी खोकते.

आजही तांब्या भरलेला होता. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या आहेत, डबा बाहेर काढून ठेवला आहे, वाफ निवत आली आहे. चमचा तिरका करून बघितला, पडत नाही. आतून आईनं विचारलं, "झाली का रं?"

"झाली," मी म्हणालो.

तांब्या अजून ओट्यावरच आहे. आज मी तो मोरीत ओतलेला नाही.